मकनातीस नावाचा दुभाष्या

उर्दूत लोहचुंबकाला मकनातीस म्हणतात. शब्द मूळचा ग्रीकांचा. मॅग्नेशिया नावाच्या मुलखात असला दगड सापडायचा, म्हणून दगडाला त्या मुलखाचं नाव पडलं. तिथून तो अरबीत गेला, अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि शेवटी बारामतीतल्या एका उर्दू शाळेच्या फळ्यावर. मराठीतला ‘चुंबक’ संस्कृतातून आला, तो थेट त्याच्या कामावरून. एका भाषेनं दगडाला विचारलं, तू कुठला? दुसरीनं विचारलं, तू करतोस काय? होकायंत्राला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात, कारण कुतुब म्हणजे ध्रुव आणि नुमा म्हणजे दाखवणारा. सूफींच्या बोलीत कुतुब म्हणजे फार मोठ्या पायरीचा वली. म्हणून ‘मकनातीस के दो कुतुब’ हे वाक्य वाचताना मला अजूनही दोन बुजुर्ग समोरासमोर बसलेले दिसतात.

मी भाषेची शिक्षिका. बी.एड.ला माझ्या दोन मेथड उर्दू आणि मराठी होत्या, विज्ञानाशी संबंध दहावीतच सुटला. पण उर्दू माध्यमाच्या शाळेत भाषेच्या शिक्षिकेकडे सगळ्याच विषयांची पोरं येतात. बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक उर्दूतही निघतं, पण गाईड, यूट्यूबवरचे व्हिडिओ, वर्तमानपत्रातली कात्रणं बहुतेक मराठीत किंवा इंग्रजीत. पुस्तकातलं ‘बर्की रौ’ म्हणजेच व्हिडिओतली ‘विद्युतधारा’, हे सांगणारं कुणीतरी मधे लागतं. ते मधलं काम माझं.

यंदा विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी नववीतली एक मुलगी दोन कागद घेऊन आली. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, त्या निमित्तानं बरंच काही छापून आलं होतं, त्यातलेच ते दोन. तिनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, “मॅडम, यहाँ लिखे की क्वांटम कंप्यूटर के पास मकनातीस नै लाने का. और यहाँ लिखे की मकनातीस उसके अंदरच बिठाए. सच्ची बात कौनसी?”

प्रश्न शब्दांचा नव्हता, पण आला माझ्याकडे. पुढचे दोन आठवडे मी त्याच्यामागे होते. पुण्यात एम.एस्सी. फिजिक्स करणारा माझा भाचा रोज रात्री फोनवर, आणि दर तिसऱ्या वाक्याला, “खाला, ऐसा नहीं है, थोडा पेचीदा है.” त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहिते आहे.

चुंबकाची आणि माझी ओळख मात्र जुनी. कन्हेरी म्हटलं की बाहेरच्या लोकांना मारुतीचं मंदिर आठवतं, आणि निवडणूक आली की तिथं फुटणारा प्रचाराचा पहिला नारळ. मला आठवतं ते घराच्या पुढच्या खोलीतलं अब्बांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. कालव्याचा पट्टा, ऊस, विहिरी, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की जळालेल्या मोटारींची रांग. अब्बा जळकी तार उपसून काढायचे, नवीन कॉइल भरायचे, वार्निश लावून उन्हात ठेवायचे. तारेच्या आतली स्टॅम्पिंगची पत्र्याची चळत हाताळून मी मोठी झाले. तिच्याजवळ खिळा नेला तर ती त्याला विचारतही नसे. पण बाजूला पडलेल्या जुन्या स्पीकरचा काळा चुंबक खिळ्यावर झडप घालायचा. दोन्ही लोखंडाच्या जातीचे, मग हे असं का, असं मी विचारलं होतं. अब्बा म्हणाले होते, “ये भुलक्कड है, वो याद रखता.”

भाचा म्हणतो, नाना पुस्तकाइतकंच बरोबर बोलले. मोटारीच्या पत्र्याला विसरणंच भाग आहे, कारण वीज सेकंदाला पन्नास फेरे मारते आणि प्रत्येक फेऱ्यात त्या पत्र्याला उत्तर-दक्षिण अदलाबदल करावी लागते. स्पीकरच्या चुंबकाला विसरून चालत नाही. अब्बा पेचकस त्या चुंबकावर चार वेळा घासायचे आणि मग तो पेचकस दिवसभर बारीक स्क्रू उचलायचा. त्यालाही थोडी आठवण लागायची. अजीज नाझांच्या कव्वाल्यांची कॅसेट मात्र त्या चुंबकाच्या जवळ ठेवायला सक्त मनाई. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकवर पसरलेली लोखंडाच्या ऑक्साइडची पूड, आणि गाणं म्हणजे त्या पुडीच्या कणाकणाला लावलेली दिशा. मोठा चुंबक आला की सगळे कण त्याचं ऐकतात आणि गाणं पुसलं जातं. कॅसेट गेली, मग हार्ड डिस्क आली, तिथंही तेच. गेल्या शतकाची बरीच माहिती माणसानं चुंबकाच्या हवाली केली, ती त्याच्या या आठवणीच्या भरवशावर.

आमच्या पायाखालचा दगडही याच जातीचा. लहानपणी आम्ही स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून रस्त्याच्या मातीतून ओढत न्यायचो, त्याला काळी दाढी यायची. ती दाढी म्हणजे काळ्या दगडातून झिजून सुटलेले मॅग्नेटाइटचे कण. दख्खनचा हा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला, थंड झाला, आणि थंड होताना त्यातल्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनमधल्या ब्लॅकेट यांच्या गटानं आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी या दगडांचे नमुने मोजले. दिशा आजच्या जागेशी जुळेना. तिचा अर्थ असा निघाला की हा दगड थिजला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे आपण कुठून आलो हे आपल्या कुंपणाच्या दगडात लिहिलेलं होतं, फक्त ते कुणी वाचलं नव्हतं. (कोण मूळचा आणि कोण बाहेरून आलेला, यावर आपल्याकडे वाद घालायची हौस फार. खालची जमीनच दक्षिणेकडून चालत आली, हे त्या वादात कुणी काढत नाही.)

इतकी घट्ट आठवण येते कुठून? प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. या गुणाला स्पिन म्हणतात. मी त्या मुलीला फिरकी म्हणून सांगितलं आणि लगेच हेही सांगितलं की तो भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नाही, नावच तेवढं तसं पडलं. बहुतेक पदार्थांत या फिरक्या एकमेकींना खोडून काढतात. चुंबकात त्या एका मतानं उभ्या राहतात, आणि कोट्यवधींचं एकमत झालं की एकदोघांच्या कुरबुरीनं काही हलत नाही. आठवण टिकते ती या गर्दीमुळं.

क्वांटम संगणकाला नेमकी ही गर्दी नको असते. १९२२ मध्ये फ्रँकफुर्टला स्टर्न आणि गेरलाख या दोघांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला. पडद्यावर पसरट डाग पडायला हवा होता, पडल्या दोन वेगळ्या रेषा. अणूला त्यांनी जणू एक प्रश्न विचारला होता, आणि त्याच्याकडे उत्तरं दोनच होती, वर किंवा खाली. मधलं काही नाही. पण विचारण्यापूर्वी तो अणू वर आणि खाली या दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो. आजच्या क्वांटम बिटाचा, म्हणजे क्युबिटचा, सगळा जीव या मिश्रणात आहे. ते टिकलं तर गणित होतं. बाहेरच्या कशानंही त्याला चुकून प्रश्न विचारला, मग ती उष्णता असो, भरकटलेली लहर असो की चुंबकाची झुळूक, तर ते तिथंच विरतं. दगडाची आठवण कोटी वर्षांची, आणि क्युबिटची मोजतात मायक्रोसेकंदांत. अलीकडे चांगल्या चिपांवर ती मिलिसेकंदापर्यंत गेली, तर त्याची बातमी होते.

म्हणजे मुलीचा पहिला कागद खरा होता. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांचा गट अतिवाहक धातूच्या वर्तुळांचे क्युबिट बनवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं की या संस्थेनं आणि पुण्याच्या डीआरडीओच्या क्वांटम तंत्रज्ञानाच्या तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेनं मिळून सहा क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केली. चिप कुलाब्यात घडवली, ती चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेनं जुळवली, आणि बाहेरून वापरण्यासाठीचा पडदा टीसीएसनं केला. सहा हा आकडा ऐकून वर्गातल्या पोरी हसल्या. जगात शेकडो क्युबिटची यंत्रं आहेत हे खरंच. पण इथं घडलेली चिप आणि विकत आणलेली चिप यांत काय फरक असतो, ते रिवायंडिंगवाल्याच्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही.

असली चिप निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शंभरावा हिस्सा अंश वर ठेवतात आणि तिच्याभोवती चुंबकक्षेत्र अडवणाऱ्या खास मिश्रधातूची पेटी घालतात. आपण ज्याला काहीच नाही म्हणतो तेही तिला खूप असतं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४० हजार नॅनोटेस्लांच्या आसपास. एवढ्याशा क्षेत्रावर होकायंत्राची सुई डुलते, आणि या चिपेला तेवढंसुद्धा सोसत नाही.

चुंबकाचं बारीक बोलणं ऐकायचं तर गोंगाटापासून दूर जावं लागतं, हे कुलाब्याला नवीन नाही. तिथल्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद चालायची. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात तिथली नोंद १,६०० नॅनोटेस्लांच्या आसपास खाली घसरली, आणि ती नोंद शास्त्रज्ञ आजही उघडून बघतात. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेत पृथ्वीची कुजबुज बुडून जाणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी अलिबागची जागा निवडली. तिथल्या इमारतीला लोखंड वर्ज्य, आणि दगड मुद्दाम पोरबंदरचा, कारण आपला काळा दगड स्वतःच बोलका. १९०४ मध्ये अलिबागला मोजणी सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजून त्यांनी जुन्या आकड्यांशी नव्या आकड्यांचा सांधा जुळवला, आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. ती दोन वर्षांची दुहेरी मोजणी मला फार आवडते. एका भाषेतून दुसरीत जाताना दोन्ही काही काळ सोबत चालवाव्या लागतात, नाहीतर मागचं सगळं वाया जातं. उर्दू माध्यमातून अकरावीला एकदम इंग्रजीत ढकलल्या जाणाऱ्या मुलींना अशी दोन वर्षं कुणी देत नाही.

आमच्या मोहल्ल्यातही अशीच गंमत झालेली. मशिदीच्या नव्या बांधकामात किब्ल्याची दिशा बघायला पोरं मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन गेली, आणि चार पोरांनी चार दिशा दाखवल्या. स्लॅबमधल्या सळयांनी चौघांनाही फसवलं होतं. बारामतीहून किब्ला पश्चिमेपासून अकरा-बारा अंश उत्तरेकडे. शेवटी एका म्हाताऱ्या चाचांनी २८ मेची वाट बघायला सांगितली. त्या दिवशी आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर असतो. काठी रोवायची, सावली बघायची, सूर्याकडचं तोंड म्हणजे किब्ला. चुंबक नाही, सळई नाही, भानगड नाही.

आता दुसरा कागद.

एक क्युबिट दुसऱ्याशी बोलायला हवा, नाहीतर सहा काय आणि सहाशे काय, सगळे आपापल्या खोलीत बसलेले. चिपेवर जवळजवळ असलेले क्युबिट मायक्रोवेव्ह लहरींत बोलतात, साधारण मोबाइलच्या लहरींच्या जातीच्या. पण ती भाषा त्या गोठलेल्या पेटीबाहेर चालत नाही. खोलीच्या उबेत असल्या लहरींचा इतका गलका आहे की एकट्या लहरीचा आवाज त्यात हरवतो. लांब जायचं तर प्रकाशाची भाषा हवी, काचेच्या तारेतून जाणारी. क्युबिटला प्रकाश बोलता येत नाही. प्रकाशाला क्युबिट कळत नाही. मधे दुभाष्या लागतो, आणि त्या जागेसाठी ज्या पदार्थांना उभं करून बघितलं जातंय त्यांतला एक म्हणजे चुंबक.

हा चुंबक स्पीकरमधला नव्हे. याचं नाव यट्रियम आयर्न गार्नेट, शास्त्रज्ञ लाडानं ‘यिग’ म्हणतात. १९५६ मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये बर्तो आणि फोरा यांनी तो ओळखला. त्यात लोखंडाचे अणू दोन गटांत बसतात, दर पाचातले तीन एका दिशेला आणि दोन बरोबर उलट. तीन विरुद्ध दोन, म्हणजे अगदी काठावर पास झालेला ग्रामपंचायतीचा ठराव, पण ठराव तो ठरावच. वीज त्यातून वाहत नाही, म्हणून ऊर्जा त्या वाटेनं गळत नाही. मोटारीचा पत्रा पटकन विसरतो, स्पीकरचा चुंबक हट्टानं आठवतो. यिगचं वैशिष्ट्य तिसरंच. त्याला हलकासा धक्का दिला की तो चांगल्या काशाच्या टाळासारखा बराच वेळ वाजत राहतो. म्हणूनच मायक्रोवेव्हच्या यंत्रांत तो कितीतरी दशकांपासून वापरात आहे.

तो वाजतो म्हणजे काय होतं, हे समजायला मला आमच्या भागाचीच मदत झाली. तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीवरून जाते. तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढं बेलवाडीला गोल रिंगण. लहानपणी अब्बांच्या खांद्यावरून मी दिंड्या बघितल्यात. टाळकऱ्यांची लांब रांग पावली खेळते तेव्हा सगळे एकदम वाकत नाहीत. पहिला वाकतो, दुसरा किंचित मागून, तिसरा त्याच्या मागून, आणि रांगेतून एक लाट जाते. लाट कुठल्या एका वारकऱ्याची नसते. चुंबकातल्या फिरक्यांमधून अशी लाट जाऊ शकते, हे १९३० मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी मांडलं. या लाटेचा लहानात लहान तुकडा म्हणजे मॅग्नॉन. एकच फिरकी उलटण्याएवढा बदल, पण तो कुणा एकीच्या वाट्याला येत नाही, सगळ्या रांगेत वाटला जातो.

२०१५ मध्ये टोकियो विद्यापीठात नाकामुरा आणि ताबुची यांच्या गटानं अर्धा मिलिमीटरची यिगची गोळी आणि एक अतिवाहक क्युबिट एकाच तांब्याच्या पेटीत ठेवून दोघांना बोलतं केलं. हे नाकामुरा तेच, ज्यांनी १९९९ मध्ये असा पहिला क्युबिट चालवून दाखवला होता. एका फिरकीची हाक क्युबिटला ऐकू येण्यासारखी नसते. पण त्या मोहरीएवढ्याही नसलेल्या गोळीत एकावर अठरा शून्यं इतक्या फिरक्या आहेत. त्या एका तालात हलल्या की हाक त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी मोठी होते, म्हणजे शंभर कोटी पट. २०२० मध्ये त्याच विद्यापीठातल्या गटानं क्युबिटच्या मदतीनं त्या गोळीतला एक मॅग्नॉन ओळखून दाखवला. अठरा शून्यांच्या जमावात एक वाटलेली हालचाल! हे वाचून मी भाच्याला पुन्हा फोन केला, छापणाऱ्यानं शून्यं चुकवली असतील म्हणून. चुकवली नव्हती.

२०२२ मध्ये शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेनं पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी यिगच्या दोन गोळ्या अतिवाहक चिपेवर एकमेकींपासून दूर बसवल्या. चिपेवरच्या तारेतून एकीची थरथर दुसरीपर्यंत पोचली, दोघी एकमेकींशी जोडल्या गेल्या. मुलीच्या दुसऱ्या कागदात याच जातीच्या कामाची बातमी होती.

दोन्ही कागद खरे, पण भांडण संपलेलं नाही, आणि खरी गंमत त्या भांडणातच आहे. यिगच्या गोळीला क्युबिटच्या सुरात आणायचं तर तिच्यावर सुमारे ०.३ टेस्लाचं क्षेत्र लावावं लागतं, म्हणजे पृथ्वीच्या सात हजार पट. आणि क्युबिट ज्या अॅल्युमिनियमचे बनवतात, त्याचा साधा तुकडा ०.०१ टेस्लालाच अतिवाहकपणा सोडून देतो. एकाला हवंच ते दुसऱ्याला सोसत नाही. मग क्षेत्र फक्त गोळीपुरतं कोंडायचं, क्युबिट पेटीच्या दुसऱ्या टोकाला झाकून ठेवायचा, आणि दोघांच्या मधे लहरीला जायला वाट ठेवायची. एवढं करूनही टोकियोच्या त्या गोळीतला मॅग्नॉन मायक्रोसेकंदाचा एखादा दशांशच जगतो. म्हणजे आठवण म्हणून तो क्युबिटपेक्षाही कच्चा. यिगचा पातळ थर चिपेवर चढवावा तर तो ज्या स्फटिकावर उगवतात तो स्फटिकच कडाक्याच्या थंडीत मधे तोंड घालतो आणि ऊर्जा खातो.

आणि दुभाष्याचं मूळ काम, लहरीचं प्रकाशात भाषांतर? २०१६ मध्ये टोकियोच्या गटानं यिगच्या गोळीतून तेही दोन्ही दिशांनी करून दाखवलं. हजार कोटी लहरकण दिले तर पलीकडे साधारण एक निघतो, असा तो हिशेब होता. इतर पदार्थांच्या दुभाष्यांनी यापुढं बरीच मजल मारली आहे. चुंबक या शर्यतीत मागे आहे, आणि बातम्यांचे मथळे हे सांगत नाहीत. मला विचाराल तर चुंबक चिपेच्या आतल्या जोडणीत आधी कामाला येईल, लांबच्या प्रकाशाच्या भाषांतरात कदाचित नाहीच. भाचा म्हणतो, असं ठाम बोलू नका. पण मी शिक्षिका आहे, सवय जात नाही.

हजार कोटींत एक हे वाचून बाकीचे हसतील, मी हसले नाही. मी रोज ‘अदब’ या शब्दाचं मराठी करते. साहित्य म्हणावं तर शिष्टाचार सांडतो, शिष्टाचार म्हणावं तर साहित्य. मराठीतली ‘माया’ उर्दूत नेताना तर अर्धी वाटेतच राहते. तरी पोचतं थोडं. ते थोडं पोचलं म्हणूनच आमच्या शाळेतल्या पोरी मराठीच्या पेपरात चांगले मार्क आणतात, आणि म्हणूनच माझ्या मराठी शेजारणी ईदला शीरखुर्म्याबरोबर एखादा शेरही मागतात.

चुंबक आणि उर्दू यांचं नातं मी जुळवलेलं नाही, ते आधीपासून आहे. भारतात चुंबकत्वाच्या रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत शांतीस्वरूप भटनागर होते. १९२८ मध्ये त्यांनी के. एन. माथुर यांच्याबरोबर पदार्थांचं चुंबकत्व मोजणारा एक तराजू बनवला, १९३५ मध्ये दोघांनी त्या विषयावर पुस्तक लिहिलं. पुढं देशभरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी त्यांनी उभी केली, पुण्याची पाषाण रस्त्यावरची रासायनिक प्रयोगशाळा त्यातलीच. हेच भटनागर उर्दूत कविता करायचे. पत्नीच्या निधनानंतर त्या कवितांचा संग्रह तिच्याच नावानं, ‘लाजवंती’ म्हणून निघाला. उर्दूची पोरं हे ऐकून ताठ बसतात. त्यांना वाटत असतं, उर्दूचा माणूस म्हणजे शायर, नाहीतर मौलवी.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले. तिच्या चार केंद्रांपैकी मोजमापांचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आलं. तिथं कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या एका खोडीचा उपयोग करतो. कार्बनची एक जागा रिकामी, शेजारी नायट्रोजन, आणि त्या खोडीतली फिरकी इतकी हळवी की बारीकसं चुंबकक्षेत्र तिच्या उजेडावरून वाचता येतं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. म्हणजे इथं चुंबकाची झुळूक क्युबिटचा जीव घेत नाही, तीच मोजायची असते. मोठ्या संस्थांपलीकडेही या विषयाची मुळं आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत फेराइटवर, म्हणजे यिगच्या भाऊबंदांवर, कितीतरी पीएचडी झाल्या. साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टी लावून पूड भाजणारी, तिचं चुंबकत्व मोजणारी ही माणसं. मोहिमेचा पैसा त्यांच्या भट्टीपर्यंत किती पोचतो, हे मला बघायचं आहे.

मुलीनं शेवटी प्रदर्शनात क्वांटम संगणक मांडला नाही, मांडला असता तर थर्माकोलचा झाला असता. तिनं टेबलावर तीन वस्तू ठेवल्या: स्टॅम्पिंगचा पत्रा, स्पीकरचा चुंबक आणि तळ्याकाठचा काळा दगड. चौथी जागा रिकामी सोडली आणि तिथं पाटी लावली, यिग, मिळाला नाही. प्रत्येक पाटी दोन भाषांत. ‘लाट’ आणि ‘मौज’ तिला लगेच सापडले. मॅग्नॉनला शब्द शोधायला आम्ही दोघी दोन दिवस बसलो. मराठीत ‘चुंबकण’ करून बघितलं, उर्दूत ‘मकनातीसिया’. दोन्ही ऐकून भाचा गप्प बसला, तेव्हा समजलं. मग दोन्हीकडे मॅग्नॉनच ठेवला.

मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या एका मुलानं तिला विचारलं, दगड काय करतो इथं? तिनं त्याला सगळं मराठीतून सांगितलं, दक्षिणेकडून चालत आलेल्या जमिनीपर्यंत. एकदाच अडली, कुतुब या शब्दापाशी. मी पुढं होणार तोच तो मुलगा म्हणाला, “ध्रुव म्हणायचंय का तुला?” ती हो म्हणाली आणि पुढं निघाली.

दहावीचं विज्ञानाचं पुस्तक तिनं आत्तापासूनच आणून ठेवलंय, उर्दूतलं आणि मराठीतलं, दोन्ही. ‘बर्की रौ के असरात’ आणि ‘विद्युतधारेचे परिणाम’ शेजारी उघडून वाचते आणि न जुळणाऱ्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारते. शनिवारी रेघा घेऊन माझ्याकडे येते. गेल्या शनिवारी सतरा होत्या.